राज्यसभा हा आपला दुसरा काटा आहे



उसाची खेप कारखान्याच्या गेटात घालण्याआधी शहाणा शेतकरी ती बाहेरच्या वजनकाट्यावर एकदा तोलून घेतो. कारखान्याच्या काट्यावर सरसकट अविश्वास असतो असे नाही. पण काटामारीचा अनुभव घेतलेल्या माणसाला दोन आकडे हातात असलेले बरे वाटतात. दोन काट्यांचे मालक वेगळे असले तरच या उद्योगाला अर्थ आहे. दोन्हीकडे एकाच घरचा मापाडी बसला, तर दुसऱ्यांदा तोलण्याचे पैसे फुकट जातात.

देशाचा कायदा दोनदा तोलून घ्यावा यासाठी घटनेने असाच दुसरा काटा बसवला आहे. तो म्हणजे राज्यसभा. लोकसभेच्या निवडणुकीत आपण उन्हातान्हात रांगा लावतो, गावात दोन तट पाडतो, महिनाभर पारावर दुसरा विषय नसतो. राज्यसभेची निवडणूक मात्र कधी झाली आणि कोण निवडून आले, हे आपल्यातल्या शंभरातल्या पाच जणांनाही सांगता येणार नाही. आमचे म्हणणे असे, की जमीन, पाणी, बियाणे आणि बाजार यांविषयीचे कायदे या दुसऱ्या काट्यावर चढणार की नाही, हे ठरवण्यात शेतकऱ्याचा हात आहे, आणि तो हात आपण आजवर खिशातच ठेवला आहे.

दोन सभागृहे कशी भरतात

आधी हिशेब समजून घेऊ. लोकसभेत निवडून गेलेले ५४३ खासदार बसतात. त्यातले महाराष्ट्राचे ४८, गोव्याचे २, उत्तर प्रदेशाचे ८०. महाराष्ट्रात एका खासदारामागे सरासरी एकोणीस लाखांच्या आसपास मतदार पडतात. मुदत पाच वर्षांची. मंत्रिमंडळ जबाबदार असते ते लोकसभेला. अविश्वासाचा ठराव तिथेच येतो आणि सरकार पडले तर तिथेच पडते.

राज्यसभेत घटनेप्रमाणे जास्तीत जास्त २५० सभासद असू शकतात. आज संख्या २४५ आहे. त्यातले २३३ राज्यांतून आणि काही केंद्रशासित प्रदेशांतून निवडून जातात, १२ जणांची नेमणूक राष्ट्रपती करतात. अमेरिकेत लहानमोठ्या प्रत्येक राज्याला वरच्या सभागृहात दोनच जागा असतात. आपल्याकडे तसे नाही. लोकसंख्येकडे पाहून जागा वाटल्या आहेत. उत्तर प्रदेशाला ३१, महाराष्ट्राला १९, गोव्याला १.

हे सभागृह कधी विसर्जित होत नाही. सभासदाची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात. पाटाच्या पाण्याला पाळी असते तशी ही पाळी आहे. महाराष्ट्राच्या १९ जागा कधी सहा, कधी सहा, कधी सात अशा भरल्या जातात. यात मोठी मेख आहे. लोकसभा एका हंगामात सगळी पेरली जाते. त्या वर्षी जे वारे असेल तसे पीक येते. राज्यसभा तीन वेगवेगळ्या हंगामांची मिळून बनते. म्हणून एका लाटेवर आलेल्या सरकारला तिथे हमखास बहुमत असतेच असे नाही. घटना समितीत गोपालस्वामी अय्यंगार यांनी दुसऱ्या सभागृहाची बाजू मांडली, तेव्हा त्यांचा एक मुद्दा हाच होता. क्षणाच्या आवेशात होणारा कायदा थोडा थांबवता यावा, म्हणजे पुन्हा एकदा विचार होईल.

राज्यसभेचे मतदार कोण?

राज्यसभेवर माणूस पाठवतात ते विधानसभेचे आमदार. महाराष्ट्रात ते २८८ आहेत. सहा जागा भरायच्या असतील तर पहिल्या पसंतीची ४२ मते मिळवणारा उमेदवार नक्की निवडून येतो. सात जागा असतील तर ३७ मते पुरतात. म्हणजे राज्यसभेचा एक खासदार आपल्या ३७ ते ४२ आमदारांच्या खांद्यावर उभा असतो. त्या आमदारांना निवडून देणारे आपण.

आमदार निवडताना आपण काय पाहतो? डांबरी रस्ता, डीपी, बंधारा, जिल्हा बँकेतले वजन आणि लग्नाला आला होता का. यात गैर काही नाही. पण ज्या बोटाला शाई लागली, त्याच बोटाने दिल्लीच्या वरच्या सभागृहातला शेतकऱ्याचा माणूसही ठरतो, हे कोणत्याही प्रचारसभेत कुणी सांगत नाही. सांगितले तर मतदार प्रश्न विचारतील, ही भीती असणार.

या निवडणुका बहुतेक वेळा बिनविरोध उरकल्या जातात. १० जून २०२२ रोजी सहा जागांना सात उमेदवार उभे राहिले म्हणून मतदान झाले, तेव्हा आमदारांना हॉटेलांत सांभाळून ठेवावे लागले होते. आठवडी बाजारात बैलाचे दावे जेवढे घट्ट धरतात, त्याहून घट्ट.

२००३ मध्ये कायद्यात दोन बदल झाले, ते प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावेत. पहिला असा, की राज्यसभेचा उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट गेली. देशात कुठेही मतदार असला म्हणजे झाले. दुसरा असा, की मतदान उघड झाले. आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. घोडेबाजार थांबावा म्हणून हे केले असे सांगण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दोन्ही बदल कायम ठेवले. कायद्याने ते योग्य असतील. परिणाम मात्र असा झाला, की महाराष्ट्राच्या नावाने बसणाऱ्या माणसाला महाराष्ट्राच्या मातीशी संबंध ठेवण्याची सक्ती उरली नाही, आणि आमदारालाही पक्षाच्या नजरेखाली मत द्यावे लागते. राज्यांची सभा म्हणायचे आणि उमेदवारी पक्षाच्या कार्यालयातून वाटायची, असा हा कारभार आहे.

निवडून गेल्यावर पुन्हा व्हीप आहेच. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याप्रमाणे पक्षाचा आदेश मोडून मत दिले तर खासदारकी जाऊ शकते. ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षणाचे विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मताने मंजूर झाले. ते एक मत शरद जोशींचे होते. त्यांचे मत पटो वा न पटो. आपल्या पक्षाचे ते तिथे एकटेच होते, म्हणून त्यांना मनाप्रमाणे हात वर करता आला. बाकीच्यांच्या हातांचे दोर वरून ओढले जातात.

काटा चालला तेव्हा

आता दोन दाखले पाहू. दोन्ही आपल्या घरचे आहेत.

पहिला जमिनीचा. १८९४ चा इंग्रजांचा भूसंपादन कायदा शंभर वर्षांहून जास्त काळ आपल्या मानगुटीवर बसला होता. २०१३ मध्ये नवा कायदा झाला. २९ ऑगस्टला लोकसभेत, ४ सप्टेंबरला राज्यसभेत. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती, सरकार आणि खासगी कंपनी यांच्या भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के, आणि गावावर काय परिणाम होईल त्याची आधी पाहणी, अशा अटी त्यात आल्या. १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला.

वर्ष भरायच्या आत, ३१ डिसेंबर २०१४ रोजी, केंद्राने वटहुकूम काढला. औद्योगिक कॉरिडॉर, पायाभूत सुविधा, स्वस्त घरे, ग्रामीण सुविधा आणि संरक्षण या पाच कारणांसाठी संमतीची आणि पाहणीची अट काढून टाकली. या पाच नावांत काय बसत नाही? लोकसभेत सरकारचे भरभक्कम बहुमत होते. १० मार्च २०१५ रोजी तिथे विधेयक मंजूर झाले. पण राज्यसभेत सरकारकडे मते नव्हती. विधेयक तिथे पार पडणार नाही हे दिसताच वटहुकूम एप्रिलमध्ये पुन्हा काढला, मे अखेरीस तिसऱ्यांदा काढला, आणि विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. बाहेर शेतकरी रस्त्यावर होताच. शेवटी ३१ ऑगस्ट २०१५ रोजी वटहुकूम संपला तो संपलाच. संमतीचा हक्क केंद्राच्या कायद्यात शाबूत राहिला.

नीट पाहा. हा हक्क आंदोलनाने वाचवला हे खरे. पण आंदोलनाला आठ महिने मिळाले ते राज्यसभेमुळे. एकच सभागृह असते तर १० मार्चच्या संध्याकाळीच खेळ आटोपला असता. पुढे काही राज्यांनी आपल्यापुरते फेरबदल करून घेतले, तो विषय पुन्हा आपल्या विधानसभेकडे येतो. आमदार कोण, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

काटा बंद ठेवला तेव्हा

दुसरा दाखला बाजाराचा. ५ जून २०२० रोजी शेतीविषयी तीन वटहुकूम निघाले. सप्टेंबरमध्ये त्यांची विधेयके आली. बाजार समितीबाहेरचा व्यापार आणि करारशेती ही दोन विधेयके १७ सप्टेंबरला लोकसभेने आणि २० सप्टेंबरला राज्यसभेने मंजूर केली. ही विधेयके प्रवर समितीकडे पाठवा अशी मागणी विरोधी सभासदांनी केली, मते मोजा अशीही मागणी केली. आवाजी मतदानाने सगळे उरकले गेले. सभासद आपापल्या जागेवर नव्हते म्हणून मोजणी घेतली नाही, असे कारण देण्यात आले. गोंधळ झाला हे खरे, आणि दुसऱ्या दिवशी आठ सभासद निलंबितही झाले. पण गोंधळ आहे म्हणून माल तोलायचाच नाही, हा कुठला न्याय? सरकारकडे संख्या होती असे सरकारच सांगत होते. मग मोजायला हरकत कशाची होती?

या कायद्यांविषयी शेतकरी चळवळीतच दोन मते आहेत. बाजाराची बंधने सुटतात म्हणून काहींनी स्वागत केले, हमीभावाची खरेदी मोडीत निघेल म्हणून काहींनी दिल्लीच्या वेशीवर वर्षभर ठाण मांडले. तो वाद इथे उकरून काढायचा नाही. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्याचे नुकसान एका ठिकाणी सारखेच झाले आहे, तेवढे दाखवायचे आहे.

१२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती दिली आणि एक समिती नेमली. शेतकऱ्यांना बोलवायचे, बाजू ऐकायची, कलमे तपासायची हे खरे तर संसदेच्या समितीचे काम. ते न्यायालयाच्या समितीला करावे लागले. तिने मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला. तो लोकांपुढे आला मार्च २०२२ मध्ये. तोवर कायदेच उरले नव्हते, कारण २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांनी एकाच दिवसात, रीतसर चर्चा न घेता, ते रद्द करून टाकले.

म्हणजे कायदे आले तेव्हा ते कसे चांगले हे कुणी पटवले नाही, आणि गेले तेव्हा ते कसे वाईट हेही कुणी पटवले नाही. ज्याला कायदे हवे होते त्याची बाजू नोंदली गेली नाही, ज्याला नको होते त्याचीही नाही. चांगली चार कलमे ठेवून वाईट चार काढता आली असती का, हा प्रश्न विचारण्याची जागा राज्यसभा होती. ती जागा त्या दिवशी रिकामी राहिली. काटा जागेवर होता, माल त्यावर चढवलाच नाही.

काट्याची मर्यादा

राज्यसभा म्हणजे रामबाण औषध असे आम्ही म्हणत नाही. पैशाच्या बाबतीत तिचे फारसे चालत नाही. धन विधेयक ती चौदा दिवसांपेक्षा जास्त अडवू शकत नाही, आणि तिच्या सूचना मानणे लोकसभेवर बंधनकारक नाही. विधेयक धन विधेयक आहे की नाही याचा दाखला लोकसभेचे अध्यक्ष देतात. २०१६ चा आधार कायदा असाच धन विधेयक म्हणून आणला गेला. साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचे जमले नाही तर संयुक्त बैठक बोलावता येते. १९६१, १९७८ आणि २००२ अशी तीनदा ती झाली. तिथे ५४३ पुढे २४५ चे काय चालणार?

कांद्याची निर्यातबंदी तर दोन्ही सभागृहांच्या दारातही येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये एका अधिसूचनेने ती लागली आणि मे २०२४ पर्यंत राहिली. चाळीतला कांदा नासला, पण कुठल्याही सभागृहात त्यासाठी मत घ्यावे लागले नाही. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याने तो अधिकार सरकारच्या हाती दिला आहे.

शिवाय दुसरा काटा नेहमी गरिबाच्या बाजूनेच झुकतो असेही नाही. १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारी घटनादुरुस्ती लोकसभेने मंजूर केली आणि राज्यसभेत ती पडली. बाजूने १४९, विरोधात ७५. दोन तृतीयांशाला एक मतसुद्धा नव्हे, मताचा अंश कमी पडला. तनखे त्यानंतर वर्षभराने, १९७१ च्या दुरुस्तीने गेले.

म्हणून काही जण म्हणतात, हे पराभूत पुढाऱ्यांचे पांजरपोळ हवे कशाला, टाका मोडून. आम्हाला हे मान्य नाही. मापाडी लबाड निघाला म्हणून कुणी काटा फोडत नाही, मापाडी बदलतात. वरच्या सभागृहात बसलेला माणूस मनावर घेईल तर काय करू शकतो याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. रोजगार हमी योजनेची कल्पना ज्यांनी मांडली आणि मार्गी लावली ते वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळात खडी फोडून ज्यांनी चूल पेटवली, त्यांना त्या नावाची किंमत सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. राष्ट्रपती जे बारा सभासद नेमतात ते साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतले. शेती त्या यादीत नाही. डॉ. एम. एस. स्वामिनाथन २००७ मध्ये गेले ते शास्त्रज्ञ म्हणून. आपल्या विधान परिषदेत शिक्षकांना वेगळा मतदारसंघ आहे, पदवीधरांना आहे. नांगर धरणाऱ्याला तो तिथेही नाही आणि राज्यसभेतही नाही. मागच्या दाराने आपल्याला कुणी आत घेणार नाही. आमदाराच्या मतावर पकड ठेवणे एवढाच रस्ता आपल्याला मोकळा आहे.

जिल्हा बैठकीत काय ठरवायचे

या बैठकीत चार ठराव व्हावेत असे आम्ही सुचवतो.

एक. विधानसभेच्या निवडणुकीत गावात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला कर्जमाफी आणि वीजबिलाच्या जोडीने हा प्रश्न विचारायचा, की राज्यसभेसाठी तुम्ही कुणाला मत देणार आणि शेतीविषयी त्याचे काम काय? निवडून आल्यावर, दर दोन वर्षांनी राज्यसभेच्या जागा भरायच्या वेळी, शिष्टमंडळाने आमदाराच्या घरी जाऊन हाच प्रश्न पुन्हा विचारायचा. उत्तर लिहून घ्यायचे आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवायचे.

दोन. महाराष्ट्राच्या एकोणीस राज्यसभा खासदारांची नावे प्रत्येक तालुक्याच्या फलकावर लागली पाहिजेत. हे खासदार राज्यातल्या कोणत्याही जिल्ह्यात आपला विकासनिधी खर्च करू शकतात, म्हणून लोक त्यांच्याकडे समाजमंदिराचा अर्ज घेऊन जातात. आपण अर्ज घेऊन जायचे नाही. जमीन, पाणी, बियाणे, बाजार यांवरच्या विधेयकाला तुम्ही काय मत दिले, काय बोललात, एवढा हिशेब मागायला जायचे.

तीन. शेतीला हात लावणारे कोणतेही विधेयक प्रवर समितीकडे किंवा स्थायी समितीकडे गेल्याशिवाय मंजूर होऊ नये आणि त्यावर मते मोजली जावीत, अशी लेखी हमी प्रत्येक खासदाराकडून घ्यायची. खात्यावार स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. एकेका समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सभासद असतात, आणि विधेयकावर लोकांची निवेदने मागवण्याची तिथे रीत आहे. कारखानदारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघटना मुदतीच्या आत जाडजूड निवेदने पाठवतात. शेतकऱ्याला मुदत संपल्यावर कळते. जिल्हा कार्यालयात एका शिकलेल्या पोराने किंवा पोरीने फक्त एवढ्या एका कामावर नजर ठेवावी.

चार. निर्यातबंदी, निर्यातशुल्क, साठ्यावरची मर्यादा असा सरकारचा प्रत्येक हुकूम ठरावीक दिवसांत दोन्ही सभागृहांपुढे मंजुरीसाठी आलाच पाहिजे, आणि मंजुरी न मिळाल्यास तो आपोआप संपला पाहिजे, ही आपली मागणी असावी. वटहुकुमाला घटनेने अशी मुदत घातली आहे. म्हणून तर २०१५ चा जमिनीचा वटहुकूम मेला. कांद्याच्या अधिसूचनेलाही तशीच मुदत का नसावी?

यात मोर्चा नाही, रेल रोको नाही, तुरुंगही नाही. म्हणून हे काम हलके समजू नका. रस्त्यावर बसून मिळवलेला हक्क सभागृहात एका दुपारी जाऊ शकतो, हे आपण पाहिले आहे. ठराव आजच लिहून काढा, तालुक्यातालुक्याला पाठवा आणि आमदाराच्या दारात जाण्याची तारीख बैठक उठण्याआधी ठरवा.